अथेन्समधली प्राचीन सणांची दोन दिवसांची टूर: चालायला जरूर जा, पण बळीचा भाग त्यांनी गाळलाय

सप्टेंबरच्या शेवटी अथेन्सला होते तेव्हा दोन दिवसांची एक वॉकिंग टूर घेतली, विषय प्राचीन ग्रीक सण. म्हणजे हे देऊळ कधी बांधलं, तो खांब कुठल्या शैलीचा अशी नेहमीची टूर नाही, तर मिरवणूक कुठून निघायची, कोण काय घेऊन चालायचं, कुठे थांबायचे, शेवटी काय व्हायचं हे त्याच वाटेने चालत चालत सांगतात. कंपनीचं नाव देत नाहीये, मला त्यांची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. ज्यांना अशी टूर घ्यायचीये त्यांना काय विचारून घ्यावं एवढं कळलं तरी पुरे.

आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन. चालण्याचा भाग पाचला पाच, दीड मार्क कुठे गेला ते पुढे येतंच.

पहिला दिवस केरामाइकोसपासून सुरू होतो आणि ही निवड मला फार आवडली, कारण बहुतेक लोक थेट देवळांच्या टेकडीवर, अ‍ॅक्रोपोलिसवर चढतात, फोटो काढतात आणि उतरतात, मग ते देऊळ कशासाठी होतं हे कळतच नाही. केरामाइकोस म्हणजे जुन्या शहराच्या भिंतीबाहेरची स्मशानभूमी आणि तिला लागून दोन वेशी, दिपिलॉन आणि पवित्र वेस. दोन्हींच्या मधे पॉम्पेयॉन नावाच्या इमारतीचा पाया दिसतो, इ.स.पू. ४०० च्या आसपासची, आणि तिचं कामच मिरवणुकीची तयारी. ग्रीकमधे मिरवणुकीला पॉम्पे म्हणतात त्यावरून नाव. शहराने फक्त मिरवणूक जमवण्यासाठी एक दगडी इमारत बांधली ही एकच गोष्ट ऐकली तरी सण त्यांच्यासाठी किती मोठा होता ते कळतं. तिथे आता एरिडानोसचा छोटासा ओढा वाहतो, गवतात कासवं फिरत असतात, गर्दी अगदी कमी. गाइडने आम्हा नऊ जणांना तिथेच अर्धा तास बसवून पॅनाथेनिया समजावून सांगितला आणि घाई अजिबात केली नाही, हे तिचं मोठं कौतुक.

पॅनाथेनिया म्हणजे अथेना देवीचा सण, अथेन्सचा सगळ्यात मोठा. वर्षाचा पहिला महिना हेकाटोंबायॉन, साधारण जुलै-ऑगस्ट, त्याच्या २८ तारखेला मुख्य मिरवणूक. दरवर्षी छोटा सण आणि दर चार वर्षांनी मोठा, हे मोठं रूप इ.स.पू. ५६६ च्या सुमारास आलं. मोठ्या सणाला गाणी, घोडे, रथ, धावणं, मशालींची शर्यत असं सगळं असायचं, आणि जिंकणाऱ्याला ऑलिव्ह तेलाने भरलेले मोठमोठे रंगवलेले मातीचे रांजण मिळायचे, एकेकात पस्तीस-चाळीस लिटर तेल. त्या रांजणावर एका बाजूला शस्त्र घेतलेली अथेना, दुसऱ्या बाजूला ज्या खेळाचं बक्षीस तो खेळ, आणि एक ओळ, ‘अथेन्सच्या स्पर्धांपैकी’. गाइडकडे चांगले मोठे प्रिंट होते, मोबाइलवर ढकलाढकली नाही. सगळ्यात भारी मला वाटली ती अपोबातेसची शर्यत, रथ पळत असताना शस्त्रं घेतलेला माणूस त्यातून खाली उडी मारतो, पळतो आणि परत चढतो.

मग तिने खरी गोष्ट काढली ती टोपलीची. मिरवणुकीत टोपली घेऊन पुढे चालणाऱ्या मुलींना कानेफोरोस म्हणायचे, चांगल्या घरातल्या अविवाहित मुली, आणि हा मान होता. इ.स.पू. ५१४ मधे हिपार्कोसने, म्हणजे सत्ताधारी हिप्पियासच्या भावाने, एका मुलीला आधी टोपली घ्यायला बोलावलं आणि मग तू या मानाची नाहीस म्हणून परत पाठवलं. तिचा भाऊ हार्मोडिओस. त्याने आणि त्याच्या सोबत्याने, आरिस्तोगेइतोनने, पॅनाथेनियाच्याच दिवशी मिरवणूक लावत असलेल्या हिपार्कोसला मारलं. इतिहासकार थुसिडिडीसने हे लिहून ठेवलंय. आपण शाळेत वाचलं असेल तर जुलमी सत्तेविरुद्धचा उठाव म्हणून वाचलेलं असतं, पण त्या वेशीजवळ उभं राहून ऐकलं की वाटतं, एका मुलीला मिरवणुकीतून बाहेर काढणं म्हणजे सगळ्या शहरासमोर तिच्या घराला नाकारणं होतं. ही टूर जिथे चांगली आहे तिथे ती अशी चांगली आहे, कोण काय घेऊन चाललं यावर बोट ठेवते. अथेन्समधे राहणारे परदेशी, त्यांना मेटिक म्हणत, ते जांभळे कपडे घालून नैवेद्याची ताटं घ्यायचे. म्हाताऱ्यांच्या हातात ऑलिव्हच्या फांद्या. मधे चाकांवरचं जहाज आणि त्याला शिडासारखं लावलेलं पेप्लोस, म्हणजे देवीचं नवीन वस्त्र.

तिथून अगोरातून, म्हणजे जुन्या बाजारचौकातून, वर चढत अ‍ॅक्रोपोलिसपर्यंत, सगळं मिळून साधारण किलोमीटरभराची वाट. सलग चालता येत नाही हे माहीत असू द्या, मधे मेट्रोचे रूळ आडवे येतात आणि परत फिरून दारातून आत जावं लागतं, पण आत गेल्यावर पॅनाथेनियाचा रस्ता अजून दिसतो, अगोरा तिरका कापत वर जातो. चढ आहे. उन्हात नुसती पाण्याची बाटली घेऊन चढताना दम लागतो आणि डोक्यात येतं की सण तर भर उन्हाळ्यात असायचा, या मुली टोपल्या डोक्यावर घेऊन आणि पुरुष गुरं हाकत हा चढ चढत होते.

वर गेल्यावर गाइडने एक गैरसमज दूर केला जो माझाही होता. ते वस्त्र पार्थेनॉन या अथेनाच्या मोठ्या देवळातल्या, शिल्पकार फेइडियासच्या सोन्या-हस्तिदंताच्या प्रचंड मूर्तीसाठी नव्हतं. ते होतं ऑलिव्हच्या लाकडाच्या एका जुन्या मूर्तीसाठी, जी पुढे शेजारच्या एरेक्थेयॉन देवळात ठेवली होती, आणि लोकांची श्रद्धा होती की ती आकाशातून पडलीये. जगभर नाव झालेली मूर्ती बाजूला आणि नवीन कपडा त्या जुन्या लाकडी देवीला. मला हे इतकं पटलं की मी पार्थेनॉनकडे पाठ करून एरेक्थेयॉनसमोर बराच वेळ उभी राहिले. त्या वस्त्रावर देव आणि राक्षसांची लढाई विणलेली असायची, विणायला सुरुवात नऊ महिने आधी, आणि त्या कामात अ‍ॅक्रोपोलिसवर राहणाऱ्या लहान मुलींचाही हात, त्यांना अरेफोरोस म्हणत. याच मुली एका रात्री डोक्यावर काहीतरी झाकलेलं घेऊन खाली उतरायच्या, आणि प्राचीन प्रवासलेखक पाउसानियास लिहितो की देणाऱ्या पुजारिणीलाही आत काय आहे माहीत नसायचं आणि नेणाऱ्या मुलींनाही. सात ते अकरा वर्षांच्या पोरी त्या. मला ही गोष्ट ऐकून आत कुठेतरी शांत झालं, अंधारात ती जबाबदारी घेऊन उतरणाऱ्या त्या मुलींसाठी.

दुपारी अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम, तिथला सगळ्यात वरचा मजला, काचेचा. पार्थेनॉनभोवती जो १६० मीटर लांबीचा कोरीव पट्टा होता तो तिथे त्याच दिशांना लावलाय, काचेतून खरं पार्थेनॉन दिसतं. बरेच तुकडे मात्र प्लास्टरचे आहेत कारण साधारण अर्धा पट्टा लंडनला ब्रिटिश म्युझियममधे आहे. खरा दगड आणि प्लास्टर यातला रंगाचा फरक लगेच दिसतो आणि मधेमधे पांढरं आलं की वाईट वाटतं, विशेषतः पूर्वेकडचा तो वस्त्र घडी करण्याचा प्रसंग, सकाळपासून ज्या कपड्यामागे आपण चाललो तोच इथे खरा नाही, लंडनला. पण पाण्याच्या घागरी घेतलेले चार पुरुष उत्तर बाजूला आहेत ते खरे आहेत, एकाने घागर खाली ठेवलीये आणि उचलायला वाकलाय, तो नक्की शोधा. सकाळचा चढ चढून आलात की त्याच्या पाठीतला बाक ओळखीचा वाटतो.

आता तक्रार. त्या पट्ट्यात दक्षिण आणि उत्तर दोन्ही बाजूंना गाई-बैल चाललेत, एकाने मान वर करून हंबरडा फोडलाय, आणि आमची गाइड त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली. मी विचारलं तर हळूच म्हणाली की बळीचा भाग कंपनीने काढून टाकायला सांगितलाय, लोकांना आवडत नाही, एकदोघांनी वाईट रिव्ह्यू दिले होते. तिचा दोष नाही. पण कंपनीला मला स्पष्ट सांगायचंय की हा सणातला कोपऱ्यातला विषय नाही, त्याच्याचसाठी मिरवणूक वर जायची. मिरवणूक देवळात जाऊन संपत नव्हती, वेदीवर जायची, आणि वेदी देवळाच्या बाहेर, उघड्यावर असायची. टोपलीत जवाचे दाणे असायचे आणि त्या दाण्यांखाली सुरी. म्हणजे सकाळी ज्या मुलीच्या मानाबद्दल आपण अर्धा तास ऐकलं तिच्या डोक्यावर काय होतं तेच तुम्ही सांगत नाही. जनावरावर पाणी शिंपडायचे, त्याने मान हलवली की ते राजी आहे असं मानायचे, दाणे उधळायचे, आणि घाव पडताना बायका मोठ्याने किंचाळायच्या. मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळायची आणि बाकी मांस माणसांना.

आणि ते मांस कसं वाटायचे हे दगडावर कोरलेलं आहे. इ.स.पू. ३३० च्या दशकातला छोट्या पॅनाथेनियाचा एक शिलालेख आहे, त्यात गुरं किती पैशांची घ्यायची, कुठल्या अधिकाऱ्यांना किती वाटे हे ठरवून दिलंय, आणि बाकीचं मांस केरामाइकोसमधे अथेन्सच्या लोकांना वाटायचं, प्रत्येक डीममधून म्हणजे वस्तीतून जितकी माणसं मिरवणुकीत पाठवली त्या हिशोबाने. केरामाइकोस! म्हणजे जिथे सकाळी आम्ही बसलो होतो तिथेच संध्याकाळी लोक वाटा घ्यायला परत यायचे. जो चालला त्याच्या वस्तीला वाटा मिळाला. सामान्य घरात मांस क्वचित शिजायचं, ते बहुतेक अशा सणांनाच मिळायचं. हे सांगितलं असतं तर ती सकाळची जागा आणि तो चढ सगळं एका धाग्यात आलं असतं, आणि टूर शेवटी वळून परत केरामाइकोसला गेली असती. त्याऐवजी पहिला दिवस म्युझियमच्या दुकानासमोर संपला.

शिवाय बळीबद्दल ग्रीकांनाच अवघडल्यासारखं होत होतं हेही यात हरवलं. अ‍ॅक्रोपोलिसवरच झ्यूसचा एक सण होता, त्यात बुफोनिया, शब्दशः बैलाचा खून. वेदीवर नैवेद्य ठेवायचे, बैल तिच्याभोवती फिरवायचे, जो तोंड घालेल त्याला कुऱ्हाडीने मारायचं, मारणारा कुऱ्हाड टाकून पळून जायचा, आणि मग चक्क खटला भरायचा. पाणी आणणाऱ्या मुली म्हणायच्या धार लावणारे दोषी, धार लावणारे म्हणायचे ज्याने हत्यार हातात दिलं तो, असं एकमेकांवर ढकलत शेवटी दोष सुरीवर यायचा आणि सुरी समुद्रात. मेलेल्या बैलाच्या कातड्यात गवत भरून त्याला नांगराला जुंपून उभा करायचे. पोर्फिरी या प्राचीन तत्त्वज्ञाने हे सविस्तर दिलंय. जीव घेतलाय आणि त्याचं काहीतरी देणं लागतं हे ज्यांना इतकं जाणवत होतं त्यांच्या सणातून बळीच गाळणं मला बरोबर वाटत नाही. ज्यांना ऐकवत नाही त्यांना आधी सांगा, दोन मिनिटं बाजूला उभे राहतील.

थिएटरचा भाग पहिल्या दिवशी म्युझियमच्या आधी होता, अ‍ॅक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावरचं, वाइनचा देव डायोनिसोस याचं थिएटर. इथे वसंतात त्याचा सण शहरी डायोनिसिया व्हायचा, त्यात नाटकांची स्पर्धा, तीन नाटककार, प्रत्येकाच्या तीन शोकांतिका आणि एक सॅटिर नाटक म्हणजे थट्टेचं नाटक, शिवाय सुखांतिका. पण नाटकांपेक्षा मला समूहगानांचा आकडा लक्षात राहिला, दहा जमातींचे प्रत्येकी ५० पुरुष आणि ५० मुलगे, म्हणजे एका सणाला हजार नागरिक गात-नाचत होते, धंदेवाईक कलाकार नाही, शेजारपाजारचे लोक. पुढच्या रांगेत संगमरवरी खुर्च्या आहेत, मधली सगळ्यात सुंदर ती डायोनिसोसच्या पुजाऱ्याची, गाइडने तिथे आम्हाला थांबवून सांगितलं की लक्षात ठेवा, नाटक बघायला देवाचा पुजारी पहिल्या रांगेत बसलाय कारण हे त्याच्या देवाचं काम चाललंय. युरिपिडीसचं मेडिया नाटक इ.स.पू. ४३१ च्या स्पर्धेत तिसरं म्हणजे शेवटचं आलं होतं हेही तिथेच सांगितलं. मग प्लाका या जुन्या वस्तीत लिसिक्रातेसचं स्मारक, इ.स.पू. ३३५-३३४ सालचं, मुलांच्या समूहाने स्पर्धा जिंकली म्हणून खर्च करणाऱ्याने उभं केलेलं. त्या गल्लीचं नाव अजून त्रिपोदोन, बक्षिसाच्या तिवईवरून. हा भाग नेटका, तक्रार नाही.

अँथेस्टेरियाला मात्र जास्त वेळ हवा होता. फेब्रुवारीतला तीन दिवसांचा सण, पहिल्या दिवशी नव्या वाइनचे रांजण उघडायचे, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कुंजातून गप्प बसून प्यायची, एक शब्द न बोलता, आणि तिसरा दिवस मेलेल्यांचा. सगळ्या धान्यांची खीर हर्मीससाठी शिजवायची, दारांना आदल्या दिवशीच डांबर लावलेलं असायचं, आणि शेवटी मेलेल्यांना सांगायचं की आता बाहेर व्हा, अँथेस्टेरिया संपला. याच सणात तीन वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर फुलं घालायचे आणि त्यांच्यासाठी छोटे कुंजे बनवायचे, त्यावर रांगणारी, खेळणारी बाळं रंगवलेली. काही कुंजे लहान मुलांच्या थडग्यात सापडलेत. गाइडने फोटो दाखवला आणि कोणीच काही बोललं नाही. बायकांच्या थेस्मोफोरियाला पाच मिनिटं, ही दुसरी तक्रार, कारण तीन दिवस नागरिकांच्या बायका घर सोडून एकत्र राहतात, जमिनीवर बसून उपास करतात, खड्ड्यात टाकलेल्या डुकराच्या पिलांचे कुजलेले अवशेष वर आणून बियाण्यात मिसळतात, पुरुषांना बंदी, हे सगळं पाच मिनिटांत कसं होणार. इथेही तोच प्रकार, डुकरं होती म्हणून गुंडाळलं असावं.

दुसरा दिवस एलेउसिस, धान्याची देवी डिमीटर हिच्या गुप्त दीक्षाविधींचं गाव. बस ज्या रस्त्याने जाते त्याचं नाव आजही इएरा ओडोस, पवित्र रस्ता, आणि पाटी बघितली की अंगावर काटा येतो. साधारण २० किलोमीटर, लोक हे एका दिवसात चालायचे, ‘इयाख’ ओ इयाखे’ अशा आरोळ्या देत, संध्याकाळी मशाली घेऊन पोचायचे. वाटेत किफिसोसच्या पुलावर थांबून मोठमोठ्या लोकांना शिव्या घालायची पद्धत होती. पुढे राइतोईच्या पाण्यावर पूल बांधताना, इ.स.पू. ४२२-४२१ च्या सुमारास, अथेन्सच्या नागरिकांच्या सभेने ठराव केला की रुंदी पाच फूटच ठेवा म्हणजे गाडी जाणार नाही, पवित्र वस्तू नेणाऱ्यांनी चालतच जायला हवं. हे गाइडने बसमधे सांगितलं. मग मी म्हणलं आपण निदान शेवटचा किलोमीटर तरी चालूया. ड्रायव्हरने तयारी दाखवली, पण आधीच चाळीस मिनिटं उशीर झाला होता त्यामुळे राहिलं. कंपनीने हे वेळापत्रकातच घालावं, ज्या सणात पूल मुद्दाम अरुंद बांधला तो बसमधून बघून कसं चालेल.

एलेउसिस आता कारखान्यांचं गाव आहे, जवळ रिफायनरी, पण जागा शांत. दीक्षेला बायका, गुलाम सगळ्यांना येता यायचं, ग्रीक कळायला हवं आणि हातून खून झालेला नको एवढीच अट. तेलेस्टेरियॉन म्हणजे दीक्षेचा हॉल साधारण ५० मीटर लांब-रुंद, कडेने कातळात कोरलेल्या पायऱ्या, त्यावर हजारो लोक अंधारात उभे राहायचे, आणि आत काय दाखवलं ते शेकडो वर्षं कोणी लिहून ठेवलं नाही. अथेन्सचा सेनापती अल्किबियादेस याच्यावर इ.स.पू. ४१५ मधे घरात या विधींची नक्कल केल्याचा आरोप आला आणि त्याला पळून जावं लागलं. त्यानेच पुढे इ.स.पू. ४०७ मधे सैन्याच्या बंदोबस्तात ही मिरवणूक जमिनीवरून नेली, कारण स्पार्टाच्या भीतीने लोक काही वर्षं समुद्रातून जात होते. म्युझियममधे डोक्यावर पवित्र पेटी घेतलेल्या स्त्रीची प्रचंड मूर्ती आहे, तिच्यासमोर पहिल्या दिवशीच्या सगळ्या टोपल्या आणि घागरी आठवल्या.

इथे गाइडची एक गोष्ट खटकली. उपास सोडायला जे पेय प्यायचे, किकेऑन, जव, पाणी आणि पुदिन्याच्या जातीची एक वनस्पती, त्यात धान्यावरची नशा आणणारी बुरशी असायची असं तिने छातीठोक सांगून टाकलं. हा एक तर्क आहे, सिद्ध झालेलं नाही, आणि तसं म्हणून सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. दिवसभर चालून, उपाशी राहून, अंधारात हजारो लोकांबरोबर उभं राहिल्यावर माणसाला काय होत असेल याला नशेची गरज आहे असं मला तरी वाटत नाही.

बाकी सोयी: नऊ जणांचा ग्रुप, हेडसेट चांगले, साइटची तिकिटं वेगळी काढावी लागतात हे बुकिंग करताना नीट लिहिलेलं नाही. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, उशीर करू नका. वरचा संगमरवर पायांनी घासून गुळगुळीत झालाय, चांगल्या पकडीचे बूट घाला. बुक करताना दोन प्रश्न विचारा, बळीचा भाग सांगणार का आणि एलेउसिसला किती वेळ देणार. आम्हाला जेमतेम सव्वा तास मिळाला, तीन तरी हवेत.

आणि एक जागा टूरमधे नाहीये ती स्वतः बघा, पैसे लागत नाहीत. अथेन्सच्या मोठ्या कॅथेड्रलच्या बाजूला एक चिमुकलं जुनं चर्च आहे, छोटं मित्रोपोलिस. त्याच्या दर्शनी भिंतीत जुन्या देवळांचे दगड बसवलेत आणि दारावर एक कोरीव पट्टी आडवी गेलीये, ती प्राचीन अथेन्सची सणांची दिनदर्शिका आहे, महिन्यामागून महिना. कोणीतरी नंतर त्यावर क्रॉस कोरलेत. मी शेवटच्या संध्याकाळी तिथे मान वर करून अर्धा तास उभी होते, पियानोप्सियॉन महिन्यात लोकर बांधलेली फांदी घेतलेला मुलगा सापडला, बुफोनियाचा बैल सापडला, ज्याला टूरमधे जागा मिळाली नव्हती, आणि एका क्रॉसच्या खाली, अर्धवट खोडलेलं, पॅनाथेनियाचं चाकांवरचं जहाज.